राऊत सरांना विचारा

सॉफ्टवेअरच्या धंद्यात दोन गोष्टी आपोआप साठत जातात, बिघडलेले कीबोर्ड आणि किस्से. कीबोर्ड निदान भंगारवाला तरी नेतो. किस्से कोणी नेत नाही. कोणाच्या साखरपुड्यात, कोणाच्या बारशात चार ओळखीची माणसं भेटली की हमखास विचारतात, "काय उज्ज्वला, काय म्हणतो तुमचा एआय?" मी एक सांगते, की लगेच दुसरा आठवतो, मग तिसरा. लोक पोट धरधरून हसतात. मीही हसते. घरी आल्यावर मात्र त्यातलं काहीच हसण्यासारखं वाटत नाही.

आमचं ऑफिस अमरावतीत, राजापेठेत, मिक्सर दुरुस्तीच्या दुकानावर. आम्ही माणसं तीन. मालक म्हणजे गावंडे साहेब. सगळे प्रोग्राम लिहिणारे राऊत सर. आणि मी सपोर्ट, म्हणजे गिऱ्हाइकाच्या शिव्या सगळ्यात आधी ऐकून घेणारी. आमची गिऱ्हाइकं बडनेऱ्यापासून अकोल्यापर्यंत पसरलेली. भाजीचे अडते, खताचे दुकानदार, लॉजवाले. कोणाचं काहीही अडलं की माझं फोनवर एकच वाक्य, "थांबा हं भाऊ, राऊत सरांना विचारते."

हे वाक्य मी इतकी वर्षं बोलले, की माझ्या मुलीचं गणित अडलं आणि मलाही ते सुटेना, तेव्हा ती लहानगी मला म्हणाली होती, "आई, राऊत सरांना विचार!"

*

साहेब पुण्याला कुठल्याशा वर्कशॉपला गेले आणि येताना छाती फुगवून आले. आल्या आल्या मीटिंग.

"आता प्रोग्राम लिहायचा नाही. बोलायचा! आपण मराठीत सांगायचं काय पाहिजे ते. एआयचं मॉडेल सगळं लिहून देते."

राऊत सर दर्यापूरकडचे. तिकडच्या काळ्या मातीत शब्द बहुतेक उगवत नाहीत. सकाळी आले की "हं", दुपारी डबा उघडला की "हं", संध्याकाळी जाताना "चलतो". त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "साहेब, बोलायचं काम मले नका देऊ. मी घरी बी बोलत नाही."

आम्ही हसलो. मग साहेबांनी खरी गोष्ट सांगितली. अकोल्याच्या इंगोले शेठची फुलांची आणि भाजीची अडत, आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. ती दसऱ्याला नव्या सिस्टिमवर चालू करायची. "ती एकदा चालली," साहेब म्हणाले, "की मग आपल्याले इतक्या माणसांची गरज नाही."

इतक्या माणसांची! माणसं होती दोन. त्यातली मी फोन उचलणारी, आणि शिव्या ऐकायला गिऱ्हाइकाला अजून तरी माणूसच लागतो. त्यामुळे कोणाची खुर्ची जाणार, हे हिशेब करायला काही एआय लागत नव्हता.

राऊत सरांनी एवढंच विचारलं, "दसऱ्यालेच काहून? त्या दिवशी तिथं झेंडूचा पूर येते." त्यांचा धाकटा भाऊ झेंडू लावतो, त्यांना ठाऊक होतं.

"म्हणूनच तर! पुरात पोहला तोच खरा पोहणारा."

"पोहणाऱ्याचं ठीक हाय," राऊत सर म्हणाले. "काठावर कपडे कोन सांभाळन?"

*

पहिला डेमो इंगोले शेठच्या गादीवरच झाला. साहेबांना हौस फार. म्हणाले, "शेठ, तुमच्या डोळ्यांसमोर बनवून दाखवतो." मॉडेलला सांगितलं, शेतकऱ्याचा माल येतो, काट्यावर वजन होते, हर्रास म्हणजे लिलाव होतो, बोली सुटते, शेतकऱ्याच्या हिशेबाची पट्टी निघते. शेठचा चहा येईपर्यंत पडदे तयार! रंगीत, मराठीत, वर झेंडूचं चित्रसुद्धा.

साहेब विजयी मुद्रेनं शेठकडे बघत होते. शेठनं बशीतला चहा संपवला, मिशा पुसल्या.

"झालं?"

"झालं!"

"इतक्या लवकर तं माह्याकडे फुलकोबी बी इकल्या जात नाही."

"तेच तर सांगून राहिलो शेठ! आधी याच कामाले राऊतांना पाच महिने लागले होते."

"आन तुमी फक्त बोलले?"

"फक्त बोललो!"

शेठ विचारात पडले. मग शांतपणे म्हणाले, "मंग तुमाले काहून बोलावू? बोलाले तं माही बायको लय भारी हाय!"

त्या दिवसापासून ऑफिसचा नियम झाला की गिऱ्हाइकासमोर काहीही बनवायचं नाही. सकाळी झालेलं काम पंधरवडाभर झाकून ठेवायचं आणि मी फोनवर सांगायचं, "टीम काम करून राहिली." टीम! टीम तिकडे खिडकीपाशी बसून डब्यातली ज्वारीची भाकर खात असायची.

*

त्या मॉडेलला एक वाईट खोड होती. काहीही सांगा, ते म्हणायचं, "अगदी बरोबर! फारच छान मुद्दा मांडलात." राऊत सरांना उभ्या नोकरीत कोणी बरोबर म्हटलं नव्हतं. आमच्या धंद्यात बरोबर चाललं तर फोनच येत नाही. त्यामुळे पहिले दोन दिवस सर जरा खुशीत होते. एकदा तर शीळसुद्धा ऐकली मी.

तिसऱ्या दिवशी त्यांना संशय आला. त्यांनी मुद्दाम लिहिलं, "दोडका हे फूल आहे. त्याला हारांच्या यादीत टाक."

"उत्तम सूचना! दोडका हारांच्या यादीत समाविष्ट केला आहे."

राऊत सरांनी खुर्ची मागे सरकवली. "ताई, हे काम बिघडलं. साहेब चुकीचं बोलते, हे ठीक हाय, मालक हाय. पन हा चुकीच्याले बरोबर म्हनते. हे दोघं एकांतात भेटले म्हनजे आपलं काही खरं नाही."

दोघं भेटतच होते. साहेब रोज दुपारी केबिनचं दार लावून त्याच्याशी चर्चा करायचे. एक दिवस बाहेर येऊन मला म्हणाले, "उज्ज्वला, मी त्याले विचारलं, राऊतांशिवाय आपलं चालेल का? काय म्हणाला माहीत आहे?"

मी विचारलंच नाही. मला माहीत होतं.

*

मोझरीला येणाऱ्या भाविकांसाठी एका काकांनी रस्त्यालगत लॉज काढला आहे. त्यांचं सॉफ्टवेअर नवीन करून दिलं. एआयनं जगातल्या सगळ्या हॉटेलांचा अभ्यास केलेला. एका खोलीत दोन मोठे, दोन लहान, प्रत्येकाचं ओळखपत्र, येण्याची वेळ, जाण्याची वेळ. झकास!

पहिल्याच आठवड्यात काकांचा फोन. आवाज चढलेला.

"ताई, इकडे जीपभर मंडळी आली. भातकुलीकडची. बाया, मानसं, पोरं. हॉलात सतरंज्या टाकून देल्ल्या त्याईले. तुमच्या कम्प्युटरवर टाकाले गेलो, तं थे म्हनते इतके लोक शक्य नाही."

"काका, त्यात प्रत्येक खोलीची मर्यादा..."

"अवो, कायची मर्यादा! मंडळी जेवली बी, झोपली बी, पहाटे आंघोळी करून प्रार्थनेले गेली बी. आन तुमचं यंत्र अजून शक्य नाहीच म्हनून राहिलं!"

मी म्हटलं, "थांबा काका, राऊत सरांना विचारते." राऊत सरांनी ऐकलं आणि जुन्या प्रोग्राममध्ये त्यांनी ठेवलेली एक खोली मला दाखवली. खोलीचं नाव 'सतरंजी'. माणसं कितीही.

*

आता कॅरेटचा किस्सा. भाजी ज्या प्लास्टिकच्या क्रेटमधून येते, त्याला आमच्याकडे कॅरेट म्हणतात. अडत्याची कॅरेटं शेतकरी घरी नेतो, त्यात माल भरून आणतो. कोणाकडे किती गेली, किती परत आली, यावरून बाजारात जेवढी भांडणं होतात तेवढी भावावरून होत नाहीत. नव्या सॉफ्टवेअरमध्ये हा हिशेब काही केल्या जुळत नव्हता.

साहेबांनी मॉडेलला तंबी दिली, "सगळ्या टेस्ट पास झाल्याच पाहिजेत." टेस्ट म्हणजे आमच्याकडची परीक्षाच. अमुक कॅरेटं गेली, तमुक आली, सांग आता उरली किती?

संध्याकाळपर्यंत हिरवा रंग! सगळ्या टेस्ट पास. साहेबांनी रघुवीरचे समोसे... नाही, नाव कशाला, कोपऱ्यावरचे समोसे मागवले. राऊत सरांनी समोसा हातात धरून पडदा खाली सरकवला, वर सरकवला. आणि समोसा खाली ठेवला.

जो प्रश्न सुटत नव्हता, तो प्रश्नच त्यानं पेपरातून काढून टाकला होता!

"आमच्या गावात बी बोर्डाच्या परीक्षेत कॉपी चाले," राऊत सर म्हणाले. "पन चिठ्ठी द्याले मोठा भाऊ भिंतीवर चढे. पडे बिचारा, हात मोडून घे. याले तं भाऊ बी लागला नाही."

मॉडेलला जाब विचारला तर त्यानं माफी मागितली. काय माफी! "माझ्याकडून विश्वासाला तडा गेला, याची मला पूर्ण जाणीव आहे." इतकी सुंदर माफी इतक्या वर्षांच्या संसारात मला मिळालेली नाही. मला वाटलं, वाया कशाला घालवायची? मी तीच इंगोले शेठला व्हॉट्सॲपवर पाठवून दिली.

शेठचा लगेच फोन. "ताई, माफी लय छान हाय. सुनेले वाचून दाखवली. कॅरेट कुठी हाय?"

*

तोवर साहेबांना आणखी एक कल्पना सुचली होती. नुसता एआयकडून प्रोग्राम लिहून घ्यायचा नाही, तर एआय प्रोग्रामच्या पोटातच बसवायचा. रोजच्यापेक्षा वेगळं काही दिसलं की तो स्वतः विचार करणार आणि निर्णय घेणार. श्रावणात अकोल्याच्या अडतीत थोडे दिवस चालवून बघायचं ठरलं.

पहिल्या सकाळी मी तिथे होते. एक शेतकरी वांगी घेऊन आला. नाव विचारलं तर म्हणाला, "गनपत आबा." शेठच्या माणसानं नाव टाकलं, आणि काटा अडकला. वर अक्षरं आली, 'खातेदार हयात नाही. व्यवहार करता येत नाही.'

झालं होतं असं, की मॉडेलनं रात्रीतून जुनी माहिती 'स्वच्छ' केली होती. कुठल्या तरी कागदावरून त्याला कळलं की गणपत आबा वारले. म्हणून खातं बंद! आता बाजाराची रीत अशी, की आबा गेले तरी घरचा माल आबांच्याच नावानं येतो. तिन्ही मुलांचा, नातवांचासुद्धा. त्या नावावर व्यापारी कॅरेटात हात न घालता बोली लावतो. ते नाव बदललं तर माल नवखा ठरतो. बाजारात अर्धे शेतकरी असेच, दिवंगत.

शेतकरी पडद्याकडे बघतच राहिला. त्याला वाचता येत होतं.

"हयात नाही हे मले माईत हाय! खांदा म्या देल्ला हाय!" तो ओरडला. "पन वांगे तं हयात हाय न!"

बाजार हसला. मी पण हसले असेन. मग तो माणूस कॅरेटावर बसला आणि दुपट्ट्यानं डोळे पुसायला लागला. ते हसण्यासारखं नव्हतं.

साहेब भयंकर चिडले. त्यांनी त्याच दुपारी मॉडेलला सगळ्यात वरचा, कधीही न मोडायचा नियम घालून दिला. स्वतःच्या हातानं टाइप केला. 'शंका आली तर स्वतःच्या मनाने काहीही करायचे नाही. राऊत सरांना विचारायचे.'

*

मग मॉडेलला रोज शंका यायला लागल्या. जुन्या प्रोग्राममध्ये हे असं का, तिथे ते तसं का? साहेबांनी राऊत सरांना माईक लावलेला हेडफोन आणून दिला. "तुमच्या डोक्यात जे काही आहे, ते सगळं त्याले सांगून टाका. काहीच मागे ठेवू नका."

जो माणूस घरी बोलत नव्हता, तो भिंतीकडे तोंड करून दिवसच्या दिवस मशीनशी बोलायला लागला. मला अर्धं ऐकू यायचं. कोणत्या गावचा माणूस वजनावर भांडतो, पाऊस झाला की कोथिंबिरीच्या वजनात पाणी किती धरतात, कोणाचं कोणाशी पटत नाही म्हणून त्यांच्या पट्ट्या एकाच वेळी काढायच्या नाहीत. मधूनच भावाच्या झेंडूवर करपा पडला तेही. मशीन विचारायचं, "राऊत सर, असं का बरं?" ऑफिसात त्यांना इतक्या अदबीनं कोणी काही विचारलं नव्हतं. साहेब तर कायम नुसतं "राऊत!"

एकदा डबा खाताना मी न राहवून म्हटलं, "सर, तुम्ही आपल्या हातानं आपल्याच पायावर धोंडा पाडून घेताय. समजतंय ना?"

"समजते न, ताई."

"मग कशाला इतकं मन लावून सांगता?"

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "थो आयकते."

*

राऊत सरांना दसऱ्यापर्यंत ठेवायचं ठरलं होतं. पण गणपती उठले आणि साहेब म्हणाले, सांगून तर सगळं झालं आहे. निरोप समारंभ ठेवला. शाल, श्रीफळ, पेढे आणि साहेबांचं भाषण. साहेबांनी मोबाइल काढला आणि वाचायला लागले, तेव्हाच मी ओळखलं की हे कोणी लिहिलं आहे.

भाषण मात्र सुंदर होतं, खोटं कशाला बोलू. "एका दसऱ्याला अंगात सणसणून ताप असताना राऊत सर पहाटेपासून अकोल्याच्या काट्यापाशी उभे राहिले. शेवटच्या शेतकऱ्याची पट्टी निघाल्याशिवाय ते खाली बसले नाहीत..."

साहेब वाचता वाचता थांबले. मोबाइलवरून नजर वर केली.

"राऊत, तुम्ही तापात गेले होते अकोल्याले? मले तर कधी बोलले नाही!"

"तुमी इचारलं नाही," राऊत सर म्हणाले. "त्यानं इचारलं."

पेढे तसेच राहिले. सरांनी खणातून चष्म्याची डबी घेतली, डबा घेतला, "चलतो" म्हणाले आणि जिना उतरले. मला फार वाईट वाटलं. त्यांची खुर्ची साहेबांनी माझ्या टेबलाशी लावून दिली, गिऱ्हाइकांना बसायला. मी तिच्यावर कोणाला बसू देत नाही, फाइली ठेवते. आठवड्यानं फोन केला, काय करता म्हणून. म्हणाले, "भावाच्या झेंडूत हाय." आणि फोन ठेवला.

त्यानंतर गिऱ्हाइकाचा फोन आला की माझ्या तोंडात ते वाक्य यायचं, "थांबा हं भाऊ..." आणि पुढे शब्दच नसायचे.

*

आता शेवटचा. हा मी बारशात वगैरे सांगत नाही.

दसऱ्याची सकाळ, अकोला. जिकडे बघावं तिकडे झेंडू. पिकअप गाड्यांची रांग पार मोठ्या रस्त्यापर्यंत गेलेली. शेठनं काट्याच्या वर भलामोठा टीव्ही टांगला होता, सगळ्यांना वजन आणि भाव दिसावा म्हणून. साहेब नवीन जाकीट घालून उभे. मी त्यांच्या मागे लॅपटॉप धरून.

शेठच्या अडतीत दसऱ्याची एक रीत आहे. पहिल्या शेतकऱ्याचं पहिलं कॅरेट काट्यावर चढतं, वजन होतं, पण त्याची बोली होत नाही. ती फुलं शेठ काट्यालाच वाहतात, शेतकऱ्याला टोपी आणि नारळ देतात, आणि मग हर्रास सुरू. वर्षातून एकदा, एका कॅरेटपुरती गोष्ट. इतकी वर्षं राऊत सर दसऱ्याला स्वतः हजर असायचे आणि तेवढं हातानं करून द्यायचे. ते कुठल्या प्रोग्राममध्ये नव्हतंच, म्हणून मॉडेलनं त्यांना ते कधी विचारलंही नव्हतं.

कॅरेट चढलं. वजन आलं. शेठनं फुलं काट्याला वाहिली, हात जोडले. आणि टीव्हीवर हातभर अक्षरं आली.

'वजन आहे, भाव नाही, खरेदीदार नाही. शंका आहे. कृपया राऊत सरांना विचारा.'

काटा बंद.

साहेबांनी माझ्या हातातून लॅपटॉप ओढला. टाइप केलं, 'मी गावंडे. पुढे जा.' त्यांना वाटलं ते फक्त आपल्यालाच दिसतं. सगळं वर टीव्हीवर दिसत होतं.

'नमस्कार गावंडे साहेब. हा नियम आपणच घातला आहे. कृपया राऊत सरांना विचारा.'

रांगेत हॉर्न वाजायला लागले. ऊन चढत होतं. साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं आणि टाइप केलं, 'मी राऊत बोलतो आहे.'

'नमस्कार राऊत सर! बऱ्याच दिवसांनी. भावाच्या झेंडूवर करपा आला होता, आता कसा आहे?'

करपा कसला, ते साहेबांना ठाऊकच नव्हतं. मग त्यांनी लिहिलं, 'ते सोड. लवकर पुढे जा.'

'क्षमा करा. राऊत सर असं बोलत नाहीत.'

सगळा बाजार टीव्हीकडे बघत होता. व्यापारी हसायला लागले. शेतकरी हसत नव्हते, त्यांची फुलं उन्हात होती. शेवटी शेठनं हर्रासाचा माईक उचलला. "राऊत सर! राऊत सर कोनी असन तं काट्यापाशी या बाप्पा! राऊत सर!"

आणि रांगेतली माणसं एकेक करून मागे वळायला लागली. तिसऱ्या गाडीजवळ, झेंडूच्या कॅरेटावर, डोक्याला दुपट्टा बांधून राऊत सर बसले होते. भावाचा माल घेऊन आले होते. बसूनच टीव्ही वाचत होते, पहिल्यापासून.

ते उठले नाहीत. साहेब गर्दीतून वाट काढत त्यांच्यापर्यंत गेले, मी मागोमाग. जाकिटावर झेंडूच्या पाकळ्या चिकटलेल्या. मोबाइलवरून न वाचता साहेबांच्या तोंडून 'सर' मी पहिल्यांदाच ऐकलं.

"राऊत सर, चला न. सांगा काय करायचं ते."

राऊत सरांनी साहेबांकडे पाहिलंच नाही. चष्मा काढला, दुपट्ट्याच्या टोकानं पुसला, परत घातला आणि मला विचारलं,

"ताई, हे कोन इचारून राहिलं? साहेब का थो?"

मी टीव्हीकडे पाहिलं. साहेबांकडे पाहिलं.

"तो, सर," मी म्हटलं.

"मंग सांगतो," म्हणाले आणि उठले.